विणकरणीची साक्ष

झ्यूसने बैल होऊन युरोपाला पळवले, हंस होऊन लेडाला गाठले. बी.ए.च्या परीक्षेत या कथांवर मी 'झ्यूसची प्रेमप्रकरणे' असे शीर्षक देऊन उत्तर लिहिले होते. पुस्तकात तसेच छापलेले होते. घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. छापील शब्दावर शंका घेण्याचा धीर तेव्हा नव्हता. आज त्याच कथा वर्गात शिकवताना तो शब्द तोंडातून निघत नाही.

या प्रसंगांची एक लांबलचक यादी रोमन कवी ओव्हिडच्या 'मेटामॉर्फोसिस' या लॅटिन काव्याच्या सहाव्या सर्गात आहे. काव्य इ.स. 8च्या सुमारासचे. (ओव्हिड देवांना रोमन नावे देतो, मी ग्रीकच ठेवली आहेत.) ही यादी कोणा पुरोहिताच्या तोंडी नाही. ती अराक्नी नावाच्या विणकरणीच्या मागावर आहे. आशिया मायनरमधल्या कोलोफोनच्या एका लोकर रंगवणाऱ्याची ही मुलगी; आईही सामान्य कुळातलीच. तिचे नाव झाले ते केवळ हातातल्या कसबाने. हे कसब अथेना देवीने शिकवले, असे लोक म्हणत. तिने ते साफ नाकारले, आणि देवीशी पैज लागली.

दोघींची वस्त्रे शेजारी ठेवून पाहावीत. अथेनाच्या वस्त्रात मधोमध उंच आसनांवर देव, आणि चारी कोपऱ्यांत देवांशी बरोबरी करणाऱ्यांना झालेल्या शिक्षा : कोणाचा डोंगर झाला, कोणाचा पक्षी. व्यवस्थेने स्वतःचेच काढलेले इतके प्रामाणिक चित्र मी दुसरे पाहिले नाही! अराक्नीने आसने विणलीच नाहीत. तिची युरोपा बैलाच्या पाठीवरून मागे सुटलेल्या किनाऱ्याकडे पाहते, सख्यांना हाका मारते, लाटांच्या भीतीने पाय वर ओढून घेते. हंसाच्या पंखांखाली लेडा आहे. पोसायडन मेंढा होतो, घोडा होतो, डॉल्फिन होतो. अपोलो ससाणा होतो, सिंह होतो. असे वीसेक प्रसंग. एखाद्या प्रसंगाला लीला म्हणून सोडून देता येते. वीस ओळीने विणले, की तो पुरावा होतो.

विणकामात खोट निघाली नाही, हे ओव्हिड स्पष्ट सांगतो. तरी अथेनाने वस्त्र फाडले आणि धोट्याने तिच्या कपाळावर घाव घातले. अराक्नीने गळफास घेतला. देवीने तिला मरू दिले नाही. तिचा कोळी करून टाकला, आणि हीच शिक्षा तिच्या पुढच्या वंशालाही लावली. देवाचे जनावर होणे घटकाभराचे, त्याच्या मर्जीचे. हिचे जन्माचे, लेकरांच्याही जन्माचे. जन्माने लागणारी शिक्षा म्हणजे काय, हे या अंकाच्या वाचकांना मी समजावून सांगण्याची गरज नाही.

हल्ली मी वर्गात शीर्षक देत नाही. अराक्नीच्या वस्त्रातील नावे फळ्यावर लिहितो आणि प्रत्येक नावापुढे त्या बाईचे पुढे काय झाले, ते शोधून लिहायला सांगतो.