नळाच्या पोटांतील नळ

लंडनच्या पूर्व भागांत हॅकनी नांवाची जुनी वस्ती आहे. तेथील मार्श लेन या रस्त्याच्या गटाराचें वय १९७१ सालीं शंभरीच्या घरांत आलें होतें. गटार विटांचें, आकारानें अंड्यासारखें, निमुळतें टोंक खालीं असलेलें; उंची सुमारें १.१७ मीटर आणि रुंदी जेमतेम ६० सेंटिमीटर. पाणी थोडें असलें तरी अरुंद तळांतून तें वेगानें वहावें व गाळ बसूं नये, हा त्या आकाराचा हेतु. एकोणिसाव्या शतकांतील इंजिनिअरांनीं ही गोष्ट फार विचारपूर्वक योजिली होती. १८५८ च्या उन्हाळ्यांत थेम्स नदीच्या दुर्गंधीनें पार्लमेंटच्या सभासदांनाही नाक धरावें लागलें, आणि मग जोसेफ बॅझलजेट यांच्या हातून लंडनचीं मुख्य गटारें झालीं, ही कथा पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु बांधणाऱ्यांचें नांव जितकें राहतें तितकें दुरुस्ती करणाऱ्यांचें राहत नाहीं. गटार बांधलें जातें तेव्हां समारंभ होतो. तें फुटतें तेव्हां रस्ता बंद होतो, इतकेंच लोकांस कळतें.

विटांमधील चुना झिजला कीं बाहेरचें भूजल आंत शिरतें, त्याबरोबर माती येते, आणि गटाराभोंवतीं पोकळी होऊं लागते. यावर पूर्वापार उपाय एकच: वरून खणावें, जुनें काढावें, नवें घालावें. परंतु शंभर वर्षांत त्या गटारावर शहर वाढलेलें असतें. पाण्याचे नळ, गॅसचे नळ, विजेच्या तारा हें सर्व वाचवीत खोल चर खणणें म्हणजे एका रोग्यासाठीं चार निरोगी माणसांवर शस्त्रक्रिया करण्यासारखें आहे.

एरिक वुड या इंग्लिश इंजिनिअरानें प्रश्न उलटा धरला. जुनें गटार काढावयाचेंच कशाला? तें साचा म्हणून वापरावें आणि त्याच्या आंतच नवें गटार घडवावें. त्यासाठीं त्यानें निवडलेली वस्तु अगदीं साधी होती. पॉलिएस्टरच्या तंतूंचा नमदा घेऊन त्याची गटाराच्या मापाची लांब पिशवी शिवावयाची, ती पातळ राळेंत भिजवावयाची, आंत नेऊन फुगवावयाची, आणि ती भिंतीस चिकटून बसली कीं राळ घट्ट होऊं द्यावयाची. ही राळ झाडाची नव्हे, कारखान्यांत तयार होणारी आहे. एकदां कठीण झाली म्हणजे उष्णतेनें पुन्हा वितळत नाहीं. मार्श लेनच्या गटाराचा सुमारें ७० मीटरांचा तुकडा १९७१ सालीं अशा रीतीनें अस्तरला गेला. वीस वर्षांनीं, आणि पुन्हा तीस वर्षांनीं, त्या अस्तराचे तुकडे कापून तपासण्यांत आले, आणि दोन्ही वेळीं तें आपलें काम करण्यास समर्थ असल्याचें दिसलें.

पुढें या रीतींत सुधारणा झाली ती पिशवी आंत नेण्याच्या पद्धतींत. ओली जड पिशवी खडबडीत विटांवरून ओढीत नेली तर ती फाटण्याचें भय. म्हणून तिचें एक टोंक मॅनहोलपाशीं पक्कें बांधून, मोजा उलटावा त्याप्रमाणें ती पाण्याच्या दाबानें उलटीत पुढें ढकलावयाची. असें केल्यानें पिशवी भिंतीवर घासतच नाहीं. राळेची बाजू उलटून भिंतीकडे जाते, आणि बाहेरचा गुळगुळीत प्लास्टिकचा लेप आंत येऊन पाण्याच्या वाटेंत बसतो. मग त्याच पाण्याला तापवून ८० अंश सेंटिग्रेडच्या आसपास न्यावयाचें. काहीं तासांत राळ कठीण होते. शेवटीं घरांच्या मोऱ्या जेथें मिळत होत्या तेथें अस्तराला भोंकें पाडावयाचीं. अरुंद नळांत हें काम कॅमेऱ्यावर पाहून दुरून चालविलेला यांत्रिक कापणारा करतो. वुडला १९७७ सालीं अमेरिकेचें पेटंट मिळालें. त्याच्या आदल्या वर्षींच कॅलिफोर्नियांतील फ्रेस्नो शहरांत हें काम झालेलें होतें. १९९४ मध्यें त्या पेटंटाची मुदत संपली आणि हा धंदा अनेकांस मोकळा झाला.

येथवरची गोष्ट गटारांची. पिण्याच्या पाण्याच्या नळांस हीच युक्ति लावूं गेल्यास गणित पालटतें. उतारानें वाहणाऱ्या गटारांत आंतून दाब जवळजवळ नसतो. त्याच्या अस्तरावर भार येतो तो बाहेरून, भूजलाचा आणि मातीचा. त्यापुढें तें चेपलें जाऊं नये एवढेंच पाहावें लागतें. दाबाच्या नळाचें तसें नाहीं. ३० सेंटिमीटर व्यासाच्या नळांत ६० मीटर उंच पाण्याइतका, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरास ६ किलोग्रॅम दाब असेल, तर नळाच्या प्रत्येक सेंटिमीटर लांबीस त्याचे दोन अर्धे एकमेकांपासून फाडूं पाहणारें बळ १८० किलोग्रॅम होतें. दोहों बाजूंच्या भिंतींनीं तें वांटून घेतलें तरी प्रत्येकीवर ९० पडतात. नमदा आणि राळ चेपण्यास चांगला विरोध करतात, परंतु अशा ताणापुढें त्यांचें बळ अपुरें पडतें. पंपानें चढविल्या जाणाऱ्या मैलापाण्याच्या नळांचीही हीच अडचण.

पाण्याच्या जुन्या नळांचा रोगही निराळा असतो. मुंबईस १८६० मध्यें विहार तलावाचें पाणी आलें तें बिडाच्या नळांतून. जगांतील बहुतेक जुन्या शहरांत तसेच नळ पुरलेले आहेत. बीड आंतून गंजतें, गंजाच्या गांठी चढतात, आणि पाण्याची वाट अरुंद होते. यावर सिमेंटचा लेप हा चांगला उपाय ठरला. अमेरिकेंतील चार्ल्स्टन शहरांत १९२२ मध्यें सिमेंट लावलेले बिडाचे नळ प्रथम वापरांत आले, आणि पुढील दशकांत पुरलेल्या नळांनाही आंतून सिमेंट फांसण्याचीं यंत्रें निघालीं. परंतु लेपानें गंज थांबतो, तडकलेला नळ सांधला जात नाहीं.

ही अडचण सुटली ती अनपेक्षित कारागिरांच्या मदतीनें. दाब सोसणारी, तरीही घडी घालतां येणारी नळी फार पूर्वीपासून एक मंडळी विणीत होती: आगीच्या बंबाचे कापडी नळ बनविणारे. जपानांत १९८० च्या सुमारास टोकियो गॅस कंपनीनें आशिमोरी या विणकाम कंपनीबरोबर गॅसच्या नळांसाठीं असें विणलेलें अस्तर सिद्ध केलें. कॅनडांतील माँट्रिअल येथें २००० सालच्या सुमारास पिण्याच्या पाण्यासाठीं याच मार्गानें काम झालें. तेथेंही बंबाचे नळ विणणाऱ्या कारखान्याचें कसब उपयोगीं पडलें. ताण धाग्यांनीं सोसावयाचा, आकार राळेनें टिकवावयाचा, ही वांटणी खरोखर सुरेख आहे. पिण्याच्या पाण्यासाठीं राळही वेगळी घ्यावी लागते; बहुधा इपॉक्सी, कारण गटारांतील स्वस्त राळेंत स्टायरीन नांवाचें उग्र वासाचें द्रव्य असतें.

तरीही सर्वांत नाजूक जागा राहिली ती घरांच्या जोडण्यांची. अस्तर घालण्यापूर्वीं प्रत्येक लहान नळीचें तोंड आंतून बुचानें बंद न केल्यास राळ तींत शिरून गोठते. अस्तर घातल्यावर तेंच तोंड नेमकें शोधून उघडावें लागतें. तेथें सांधा पक्का न बसला, तर दाबाचें पाणी अस्तर व जुना नळ यांच्या फटींत शिरतें आणि नव्या नळाची मजबुती कागदावरच राहते. अमेरिकेच्या जलव्यवसायी संघाने अस्तरांचे चार वर्ग केले आहेत: पहिल्या वर्गांतील अस्तर केवळ लेपासारखें, चौथ्यांतील असें कीं जुना नळ पूर्ण नष्ट झाला तरी तें एकटें दाब सोसेल. कंत्राट देणाऱ्या नगरपालिकेनें कोणत्या वर्गाचें अस्तर मिळणार हा प्रश्न प्रथम विचारावा. "खणण्यावांचून" या शब्दानें भुलून जाऊं नये. दोन टोंकांस खड्डे लागतातच, आणि काम चालूं असेतों रहिवाशांस रस्त्याच्या कडेनें टाकलेल्या तात्पुरत्या नळ्यांतून पाणी पुरवावें लागतें.

गटारांच्या कामांत पाण्याऐवजीं वाफेनेंही राळ तापवितात. मॅनहोलांतून निघणारा तो पांढरा लोट म्हणजे नुसती वाफ, असें रहिवाशांस सांगण्याची प्रथा होती. २०१७ मध्यें पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनीं कॅलिफोर्निया व इंडियाना येथील कामांवर तो लोट तपासला; त्यांत स्टायरीन, ॲसिटोन, फेनॉल आणि अर्धवट कठीण झालेल्या राळेचे कण सांपडले. त्याच वर्षीं इलिनॉय राज्यांत अशा कामावर एक तरुण कामगार गटारांत मरण पावला. रस्ता शाबूत राहिला म्हणून वरून जाणाऱ्यांस कामाचा पत्ताही लागत नाहीं. मॅनहोलच्या तोंडाशीं उभ्या असलेल्या माणसास मात्र तो लोट छातींत घ्यावा लागतो, आणि घरांच्या सुकलेल्या मोऱ्यांतून तो कधीं कधीं स्वयंपाकघरांतही पोंचतो. यास्तव काम सुरू होण्यापूर्वीं आसपासच्या घरांस सूचना देणें, मोऱ्यांत पाणी ओतून त्यांचे वळसे भरलेले ठेवणें, आणि कामगारांस श्वासाचीं योग्य साधनें पुरविणें हा खर्च अस्तराच्या किंमतींतच धरावा लागतो.