जुनी दुखापत आणि आठ कोटींची बोली

रायपूरहून बोलतोय. आमच्या फौजेत भरतीच्या वेळी जुनी दुखापत म्हटली की डॉक्टरांच्या भुवया उंचावतात. संघ निवडणाऱ्याला मात्र तेवढ्यावर थांबून चालत नाही.

१ जुलै १९६१. इंग्लंडमध्ये होव्हला मोटार अपघात झाला आणि वीस वर्षांच्या मन्सूर अली खान पतौडींच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. त्याच डिसेंबरात निवड समितीने त्यांना दिल्ली कसोटीत खेळवलं. जानेवारीत मद्रासला त्यांनी शतक ठोकलं! पुढे एकूण ४६ कसोटी, त्यातल्या ४० कर्णधार म्हणून. नुकसान मोठं होतं, पण ते होऊन गेलं होतं. खेळून वाढणारं नव्हतं.

मुंबई इंडियन्सपुढचा प्रश्न वेगळा होता. फेब्रुवारी २०२२ च्या लिलावात त्यांनी जोफ्रा आर्चरवर ८ कोटी लावले, तेही तो त्या मोसमात खेळणार नाही हे माहीत असताना. बुमराच्या जोडीला आर्चर, हा मोह मी समजू शकतो. पण आदल्याच वर्षी कोपरावर शस्त्रक्रिया झालेली, आणि वेगवान गोलंदाजाचं कोपर दर चेंडूला ताण सोसतं. मी असतो तर निम्म्यावर हात खाली घेतला असता. २०२३ मध्ये तो पाच सामने खेळला, दोन बळी घेतले आणि मोसम अर्ध्यावर सोडून इंग्लंडला परतला.