न्याहारी ते निहारी : कॉटन ग्रीनहून निघालेली एक रात्र

कॉटन ग्रीन स्टेशनवर उतरून दहा जणांना विचारा, या जागेला हे नाव कसे पडले? पुष्कळ जण कापूस बाजाराच्या इमारतीकडे बोट दाखवून सांगतील, इमारत हिरवी म्हणून ग्रीन. आम्हीही विद्यार्थ्यांना बरीच वर्षे हेच सांगत आलो. वस्तुतः इथे ग्रीन म्हणजे मोकळे मैदान. इंग्रजांच्या काळी कोटात टाऊन हॉलसमोर जे मैदान होते, तिथे कापसाच्या गासड्यांचा बाजार भरे. १८४४ साली तो बाजार कुलाब्याला हलला आणि नावही सोबत गेले. पुढे शिवडीजवळ समुद्रात भराव घालून काढलेल्या जमिनीवर कापसाची गोदामे उभी राहिली. १९२१ मध्ये ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशन स्थापन झाली आणि त्या दशकात बाजार इथे स्थिरावला. मैदान मागे राहिले, नाव मात्र इथवर चालत आले.

हा सारा खटाटोप आम्ही का केला, ते सांगितले पाहिजे. आम्ही मध्य मुंबईतल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवतो. नववीच्या मुलांना आम्ही एक प्रकल्प दिला होता : आपल्या वस्तीत रात्री कोण काय खाते आणि ते कोण शिजवते, याचा इतिहास लिहा. प्रकल्पाच्या पहिल्या पानावर वडिलांचा व्यवसाय लिहायचा होता. एका मुलाने लिहिले, "खाजगी नोकरी". त्याचे वडील रात्री खिचड्याची गाडी लावतात हे आम्हाला पालकसभेमुळे ठाऊक होते. आम्ही त्याला काही बोललो नाही. पण ते दोन शब्द मनात रुतून बसले. शहराला जेवू घालणाऱ्या बापाचा धंदा मुलाला लपवावासा वाटतो, तर आम्ही इतिहास शिकवतो म्हणजे नेमके काय करतो?

म्हणून गेल्या रमजानमध्ये आम्ही तिघे शिक्षक असरच्या नमाजानंतर कॉटन ग्रीनहून पायी निघालो. मुलांना दिलेला प्रकल्प आधी आपण करून पाहावा, एवढाच हेतू होता.

पहिलाच धडा स्टेशनबाहेरच्या पावभाजीच्या तव्याजवळ मिळाला. पावभाजीची एक कथा मुंबईत सर्वांना पाठ आहे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालले, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, अमेरिकेहून रात्री तारेने येणारे भाव टिपण्यासाठी दलाल कापूस बाजारात जागत बसत आणि घरी जेवण मिळेना म्हणून ठेलेवाल्याने उरल्यासुरल्या भाज्या घोटून पावाबरोबर दिल्या. कथा चवदार आहे, पण सनावळीला टिकत नाही. अटलांटिक महासागराखालून टिकाऊ तार पडली ती १८६६ मध्ये, म्हणजे युद्ध संपल्यावर. इराणच्या आखातातून भारत आणि युरोप तारेने जोडले गेले ते १८६५ मध्ये. युद्धकाळात अमेरिकेचे भाव रातोरात मुंबईस येणे शक्यच नव्हते. शिवाय मुंबईचा कापूस तेव्हा लिव्हरपूलला जाई आणि भाव तिथे ठरे. ज्याला ताडून पाहायचे असेल त्याच्यासाठी गोविंद नारायण माडगांवकरांचे 'मुंबईचे वर्णन' आहे. ते १८६३ साली, ऐन कापसाच्या तेजीत प्रसिद्ध झाले.

तरी कथा समूळ खोटी म्हणता येत नाही. विसाव्या शतकात न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद भाव मुंबईत खरोखरच येत आणि त्या आकड्यांवर सट्टा लागे. मटक्याचा जुगार जन्मला तो यातूनच. न्यूयॉर्कचा बाजार बंद होतो तेव्हा इथे रात्र असते. म्हणजे कापसाच्या नादाने रात्र जागवणारी माणसे होती, पण कथा सांगते त्या काळातली नव्हेत. दुसरी एक कथा पावभाजीचा मान गिरणी कामगाराला देते. आम्हाला विचाराल तर पुरावा दोन्हींना नाही. पण दलालाची कथा सर्वांना पाठ असते आणि कामगाराची क्वचितच कोणाला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. लोककथेतही श्रीमंताची भूक आधी नोंदली जाते.

मगरिबच्या अजानीला आम्ही काळाचौकीत पोचलो होतो. एका चाळीच्या ओट्यावर एक वृद्ध मावशी बसल्या होत्या. आम्ही खिशातले खजूर काढलेले पाहून त्या न बोलता आत गेल्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. रोजा सुटला आणि बोलणे सुरू झाले. मावशींची खानावळ होती. एका खोलीत वीस माणसे जेवत. पहाटेची पाळी, दुपारची पाळी, रातपाळी, तिन्ही पाळ्यांची ताटे वेगळ्या वेळी. चूल थंड होई ती फक्त मध्यरात्रीनंतर दोन-तीन तास.

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला काढली. त्यानंतरच्या सव्वाशे वर्षांत रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून लाखो माणसे आली. बायकापोरे बहुधा गावी आणि दहा-पंधरा पुरुष मिळून एका गाळ्यात. त्यांचे पोट या खानावळींनी सांभाळले. गिरण्यांच्या ताळेबंदात सुताचा, कोळशाचा, मजुरीचा हिशेब आहे, भाकरी थापणाऱ्या हातांचा नाही. त्या हातांची दखल घेऊन १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. त्यामुळे सावकाराच्या व्याजात पिचलेल्या खानावळवाल्या बायकांना बँकेचे कर्ज मिळू लागले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले.

आम्ही विचारले, संपात तुम्ही काय केले? मावशी म्हणाल्या, "पैसे बंद झाले रे बाबा, पण ताट बंद करता येतंय का? वहीत लिहीत गेले. मग माणसं गावाला गेली ती आलीच नाहीत. वही बरीच वर्षं ठेवली. नंतर घर बदलताना फाडून टाकली."

आम्ही तिघे गप्प झालो. त्या वहीत कोणी किती दिवस उधार जेवले याची नोंद होती. संपाचा याहून खरा दस्तऐवज कोणता असणार? नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांची तोंडी कथने गोळा करून २००४ मध्ये ग्रंथ काढला नसता, तर असे कितीतरी आवाज या वहीसारखेच गेले असते.

आमचे आजोबा कोकणातून येऊन गोदीत कामाला लागले. गावच्या जमातीच्या खोलीत राहत आणि माझगावच्या एका बेवा बाईंकडे जेवत. तांदळाची भाकरी, सुकटीचे कालवण, शुक्रवारी गोश्त. मावशींची भाकरी ज्वारीची होती, एवढाच काय तो फरक. पण आजोबा काळाचौकीच्या खानावळीत जेवले नसते आणि मावशींच्या खोलीतला माणूस माझगावला जेवला नसता. इथे इतिहासाला गोड करण्यात अर्थ नाही. गिरणगावात ताटे जातीप्रमाणे, गावाप्रमाणे, धर्माप्रमाणे वेगळी होती. इतकेच नव्हे, धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे म्हणून जास्त मजुरीच्या विणखात्यात अस्पृश्य कामगारांना येऊ दिले जात नसे. १९२८ च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला. त्या विणखात्यात उत्तरेकडून आलेले आमचे मोमीन बांधवही होते. उष्ट्याच्या या नियमाने ज्यांचे काम राखले गेले त्यांत आपलेही लोक होते, हे आपण आपल्या अंकात लिहिले नाही तर कोण लिहिणार?

लालबागला आलो तेव्हा दुकाने बंद होत होती. तरी मिरची गल्लीत मसाल्याचा खाट होता आणि चिवडा गल्लीत पोह्यांचा खमंग वास. गावी जाणारा कामगार इथून वर्षाचा मसाला आणि मुलांसाठी चिवडा नेई. गिरण्या गेल्या, गल्ल्या राहिल्या. चिंचपोकळी, भायखळा करीत आम्ही मदनपुऱ्यात शिरलो. तरावीह संपत आली होती.

मदनपुरा म्हणजे विणकरांची वस्ती. १८५७ नंतरच्या काळात आझमगढ, मऊकडचे हातमागवाले मोडून पडले आणि इथे येऊन गिरण्यांच्या मागांवर उभे राहिले. कैफी आझमींनी १९४० च्या दशकात याच वस्तीतल्या कामगारांमध्ये काम केले. रातपाळी सुटली की पहाटे इथे डेगेतून निहारी वाढली जाई. उर्दूत 'नहार मुँह' म्हणजे रिकाम्या पोटी. रिकाम्या पोटी घ्यायची ती निहारी. आणि मराठी शेतकरी बांधावर बसून घेतो ती न्याहारी! शब्द एकच. एक ज्वारीच्या भाकरीत रुजला, दुसरा नळीच्या रश्शात. आम्ही घरी कोकणी बोलतो, शाळेत उर्दू शिकवतो आणि लिहितो मराठीत. आमच्यासारख्याला हा शब्द आपल्याच घरचा वाटतो. 'पाव' पोर्तुगीजांचा, 'बटाटा' त्यांच्याच जहाजातून आला, मिरची समुद्रापलीकडची. मुंबईच्या ताटात परका कोण, हे ठरवायला बसलो तर ताट रिकामे होईल.

रात्री साडेअकराला मिनारा मशिदीच्या गल्लीत पोचलो. रमजानमधली ती गर्दी ज्यांनी पाहिली नाही त्यांना काय सांगावे! कढईभर फुललेले मालपुवे, मातीच्या वाट्यांतली फिरनी, सीखेवरचा धूर आणि कोपऱ्यात आमच्या कोकणी घरांतले सांदण. सुलेमान उस्मान मिठाईवाला १९३६ पासून, भेंडी बाजारातले नूर मोहम्मदी १९२३ पासून. नावाच्या दुकानांना सनावळी आहे. त्यांच्या पायरीशी उभ्या राहणाऱ्या गाड्यांना मात्र ती नाही. तैवानमध्ये कितीतरी रात्रबाजार असेच देवळांसमोरच्या मोकळ्या जागेत वाढले. सिंगापूरने १९७० च्या दशकापासून रस्त्यावरच्या विक्रेत्यांना परवाने देऊन पाण्याच्या नळाखाली, छपराखाली बसवले. त्यांची ही खाद्यसंस्कृती २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. आपल्याकडे पथविक्रेत्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये झाला, पण गाडीवाल्याचे एक कान अजून हातोडा-गाडीच्या आवाजाकडेच असते. दरम्यान, जानेवारी २०२० मध्ये राज्य शासनाने मॉल आणि गिरण्यांच्या आवारांतली उपाहारगृहे रात्रभर उघडी ठेवण्याचा निर्णय घेतला. जिथे रातपाळीचा भोंगा होत असे तिथे रात्रीच्या जेवणाला मान मिळाला. रातपाळीवाल्याला जेवू घालणाऱ्याला तो अजून मिळायचा आहे.

"सर, आप इधर?" हाक आली. आमच्या त्या विद्यार्थ्याचे वडील डेगेमागे उभे होते. गर्दी ओसरल्यावर त्यांनी आम्हाला बाकावर बसवले आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. बोलता बोलता कळले की त्यांचे आजोबा मदनपुऱ्यात गिरणीच्या दरवाजाशी हाच खिचडा विकत. गहू आदल्या रात्री भिजवायचे, जव आणि डाळी सकाळी, गोश्त वेगळे शिजवायचे, मग सारे एकत्र करून घोटणीने घोटायचे, दाणा आणि रेषा ओळखू येईनाशी होईपर्यंत. "हाथ बदल सकते हैं सर, घोटना बंद नहीं होना चाहिए," ते म्हणाले. किती वेळ? त्यांनी घड्याळ न बघता सांगितले, "असर से इशा तक." मुलगा कधी मदतीला येतो का, असे विचारले तेव्हा ते हसले. "नहीं सर. उसको शर्म आती है. आने दो, पढ़ ले बस."

ईदनंतर शाळा सुरू झाली. आम्ही वर्गात कॉटन ग्रीनच्या नावापासून सुरुवात केली, मावशींची फाटलेली वही सांगितली आणि न्याहारी-निहारी फळ्यावर एकाखाली एक लिहून दाखवले. कोणाचे नाव घेतले नाही. फक्त एवढे म्हटले की, ज्यांच्या घरी कोणी रात्री शहरासाठी शिजवते त्यांच्याकडे असा दस्तऐवज आहे जो कोणत्याही ग्रंथालयात नाही. तो लिहून आणा.

आठवड्याने त्या मुलाने वही आणली. चार पाने होती. पणजोबा कोणत्या गिरणीच्या दरवाजाशी बसत, डेग कोणी घडवली, गहू किती, जव किती. पहिल्या पानावर "खाजगी नोकरी" वर एक रेघ मारलेली होती आणि वर लिहिले होते, "खिचड्याचा धंदा, तीन पिढ्या".

ती वही आम्ही शाळेच्या कपाटात ठेवली आहे. मावशींची वही गेली, ही जाता कामा नये. वाचकहो, तुमच्याही घरी कोणाची तरी खानावळ असेल, भट्टी असेल, गाडी असेल. सांगणारी माणसे आहेत तोवर लिहून घ्या.