आकडा आणि बंद दार

माझा भाचा टेनिसवेडा आहे. सर्वांत थोर खेळाडू कोण, असा विषय निघाला की त्याचं उत्तर तयार असतं. ‘मामू, जोकोविचची २४, नदालची २२, फेडररची २०. संपला वाद.’ चार ग्रँड स्लॅम स्पर्धांमधली एकेरीची विजेतेपदं मोजायची आणि निकाल द्यायचा. आज बहुतेक चाहत्यांची मोजपट्टी हीच आहे. सोपी आहे, म्हणून लोकप्रिय आहे. पण या मोजपट्टीलाही एक इतिहास आहे.

२००० साली पीट सॅम्प्रसनं विम्बल्डन जिंकून १३ वं विजेतेपद मिळवलं आणि ऑस्ट्रेलियाच्या रॉय इमर्सनचा १२ विजेतेपदांचा विक्रम मोडला. इमर्सनच्याच देशातला रॉड लेव्हर ११ वर थांबला होता. आकडा म्हणतो, इमर्सन मोठा. जुने जाणकार मात्र लेव्हरचं नाव आधी घेतात. असं का?

त्या काळी या स्पर्धा फक्त हौशी खेळाडूंसाठी होत्या. उघडपणे पैसे घेऊन खेळणारा व्यावसायिक झाला की त्याला तिथे प्रवेश बंद. लेव्हरनं १९६२ साली चारही स्पर्धा जिंकल्या आणि तो व्यावसायिक झाला. पुढची पाच वर्षं, म्हणजे वीस स्पर्धा, आणि १९६८ ची ऑस्ट्रेलियन स्पर्धा, अशा एकवीस स्पर्धांना तो मुकला. इमर्सनच्या बारांपैकी दहा विजेतेपदं नेमकी याच काळातली. १९६८ साली सर्वांना दार उघडलं. लेव्हरनं लगेच विम्बल्डन जिंकलं आणि १९६९ साली पुन्हा चारही स्पर्धा. यात इमर्सनचा दोष काहीच नाही. समोर जो आला, त्याला त्यानं हरवलं.

दुसरं उदाहरण बियाँ बोर्गचं. त्याचीही विजेतेपदं ११. फ्रेंच सहा वेळा, विम्बल्डन १९७६ पासून सलग पाच वेळा. ऑस्ट्रेलियन स्पर्धेत मात्र तो फक्त एकदा, १९७४ साली खेळला. प्रवास लांबचा, बक्षिसाची रक्कम कमी. तेव्हाचे अनेक मोठे खेळाडू तिकडे फिरकत नसत. विजेतेपदांची बेरीज पुढे कोणी मांडत बसेल, या हिशेबानं ते खेळतच नव्हते.

पण मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो तो आकडा पाचचा. अल्थिया गिब्सन ही कृष्णवर्णीय अमेरिकन खेळाडू. तिच्या देशाच्या राष्ट्रीय स्पर्धेचं दार कृष्णवर्णीयांना बंद होतं. १९५० साली ते पहिल्यांदा तिच्यासाठी उघडलं, तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. १९५६ साली तिनं फ्रेंच स्पर्धा जिंकली, १९५७ आणि १९५८ साली विम्बल्डन आणि अमेरिकन, दोन्ही जिंकल्या. आणि मग, खेळ ऐन भरात असताना, तिनं हौशी टेनिस सोडलं. करंडक मिळत होते, पण करंडकावर घर चालत नाही. लेव्हरला बाहेर ठेवलं ते पैशाच्या नियमानं. गिब्सनला आधी रंगानं अडवलं, नंतर पैशानं.

भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘मामू, जे जिंकलं तेच मोजणार ना? न खेळलेले सामने कसे मोजायचे?’ त्याचं म्हणणं खरं आहे. लेव्हरच्या खात्यात मनानं आणखी विजेतेपदं टाकणं हा न्याय नव्हे, ती माया झाली. जोकोविचची चोवीस विजेतेपदं तर हौशी आणि व्यावसायिक दोघांनाही दार खुलं असताना मिळवलेली; त्यांचं मोल कोणी कमी करू नये.

माझं मागणं एवढंच, की आकड्याशेजारी साल वाचावं. त्या साली मैदानात कोण होतं आणि दाराबाहेर कोण उभं होतं, हे विचारावं. आम्हा कवींना हे लवकर कळतं. कोणाचे किती संग्रह निघाले यावरून कवी ठरत नाही. कित्येकांच्या हाती तर लेखणीच उशिरा आली. चोवीसपुढे पाच हा आकडा लहान दिसतो. पण ते पाच मिळवायला गिब्सनला आधी दार उघडून घ्यावं लागलं होतं.