'अलिबागसे आया है क्या?'

मंडळी, या टोमण्यावर बंदी घाला म्हणून एक अलिबागकर हायकोर्टात गेले होते. २०१९ साली याचिका फेटाळली. मनावर घेऊ नका, असा एकूण सल्ला. नाही घेत. पण मुंबईकरांना इतिहास सांगायला काय हरकत?

कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत. मुंबईत विजेची ट्राम यायची ठरली. तिच्या करंटने नोंदी बिघडणार, म्हणून डॉ. मूस यांनी १९०४ साली हे काम अलिबागला आणलं. दोन वर्षं दोन्हीकडे मोजून ताळमेळ बसवला, मगच कुलाब्याचं बंद केलं. ट्राम १९६४ साली संपली. आपली वेधशाळा अजून मोजतेय.

आता आपण अलिबागला रेल्वे मागतोय. जरूर मागू. पण तीही विजेवरच धावणार ना? मग वेधशाळेचं काय, हे आधीच विचारून ठेवलेलं बरं.