लाइट पेंटिंग : अंधारात उमटणारी प्रकाशरेषा

अंधाऱ्या जागी कॅमेऱ्याचे शटर दीर्घकाळ उघडे ठेवून, त्या अवधीत हलत्या दिव्याने छायाचित्रात रेषा वा आकृती उमटवण्याच्या तंत्रास ‘लाइट पेंटिंग’ म्हणतात. दिवाळीत फुलबाजी गरगर फिरवली की डोळ्यांना क्षणभर प्रकाशाचे वर्तुळ दिसते आणि विरून जाते. उघड्या शटरचा कॅमेरा मात्र दिव्याचा संपूर्ण मार्ग एकाच चित्रात साठवतो. दिवा धरणाऱ्या व्यक्तीवर प्रकाश पडत नसल्याने ती चित्रात दिसत नाही. उरते ती तिची हालचाल.

या तंत्राचा आरंभ कलेतून नव्हे, तर शरीराच्या हालचालींच्या अभ्यासातून झाला. १८८९ मध्ये फ्रान्समध्ये एत्येन-ज्यूल मारे आणि जॉर्ज दमेनी यांनी सांध्यांवर विजेचे छोटे दिवे बांधून चालण्याच्या क्रियेचे प्रकाशालेख टिपले. अमेरिकेतील फ्रँक व लिलियन गिल्ब्रेथ या दांपत्याने १९१४ च्या सुमारास कामगारांच्या हातांना दिवे लावले; निरर्थक हालचाली आणि त्यांतून येणारा थकवा कमी करणे, हा त्यामागील हेतू होता.

कलावंत मॅन रे यांनी १९३५ मध्ये हे तंत्र आत्मचित्रणासाठी वापरले. त्या चित्रातील वेटोळ्यांत त्यांची स्वाक्षरी दडली असल्याचे २००९ मध्ये छायाचित्रकार एलन केरी यांनी आरशाच्या साहाय्याने ओळखले. १९४९ मध्ये ‘लाइफ’ नियतकालिकाचे छायाचित्रकार जॉन मिली दक्षिण फ्रान्समध्ये पाब्लो पिकासो यांना भेटले. स्केट्सना दिवे लावून बर्फावर उड्या घेणाऱ्या स्केटरांची छायाचित्रे त्यांनी दाखवली. त्यांनी भारावलेल्या पिकासोंनी अंधाऱ्या खोलीत छोट्या विजेरीने हवेतच आकृत्या रेखाटल्या. अर्धमानव-अर्धअश्वाच्या प्रसिद्ध चित्रात पिकासो स्वतःही दिसतात, ते फ्लॅशच्या प्रकाशामुळे.

नवशिक्यांनी कॅमेरा तिपाईवर स्थिर करावा. आयएसओ १००, छिद्र एफ/८ ते एफ/११ आणि अवधी १० ते ३० सेकंद, अशी सुरुवात सोयीची ठरते. अधिक काळासाठी ‘बल्ब’ पद्धती असते. जेथे रेखाटन करायचे तेथे विजेरी धरून फोकस साधावा आणि मग तो मॅन्युअलवर स्थिर ठेवावा. शटर रिमोटने किंवा सेल्फ-टायमरने उघडावे. रेखाटणाऱ्याने गडद कपडे घालावेत आणि दोन रेषांच्या मध्ये दिवा विझवावा. कॅमेऱ्याकडे तोंड करून लिहिलेली अक्षरे उलटी उमटतात, हेही ध्यानी ठेवावे. जळते स्टीलवूल फिरवण्याचा प्रकार लोकप्रिय असला तरी त्याच्या ठिणग्या दूरवर उडतात. वाळलेले गवत, झाडी वा जुन्या वास्तूंजवळ तो कटाक्षाने टाळावा.

रेखाटणाऱ्याला स्वतःची रेषा दिसत नाही, ही या कलेची खरी कसोटी होय. रेषा कोठे सुरू झाली हे हातानेच स्मरणात ठेवावे लागते. चुकलेली रेषा खोडता येत नाही, संपूर्ण चित्र नव्याने करावे लागते. पिकासोंच्या त्या आकृत्या कोणत्याही कागदावर कधीच नव्हत्या. शटर उघडे नसते, तर त्या अंधारातच विरून गेल्या असत्या.