अर्ध्या लक्षाचं रेटिंग, पूर्ण लक्षाची स्पर्धा

ऑनलाइन बुद्धिबळ खेळणाऱ्यांत एक मत आता जवळजवळ सर्वमान्य झालं आहे. ते असं : मी कुकरच्या शिट्ट्या मोजत खेळतो, लोकलमध्ये लटकत खेळतो, मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून खेळतो. त्यामुळे हरतो आणि रेटिंग घसरतं. पण मी मुद्दाम हरत नाही. मग रविवारी निवांत बसून, दार लावून, ‘१५००च्या आतल्या’ स्पर्धेत माझं १४८० रेटिंग घेऊन उतरलो तर बिघडलं काय? रेटिंग पाडण्यासाठी जाणूनबुजून डाव सोडणारे सँडबॅगर लबाड. मी आपला संसारी माणूस.

पूर्वपक्ष अगदीच लेचापेचा नाही, तेव्हा त्याचं माप आधी त्याच्या पदरात घालू. लक्ष नसताना खेळणं हा अपराध नव्हे. डब्यात कोणी ‘जरा आत सरका’ म्हणतं, अंगठा घसरतो आणि उंट मारायला निघालेला वजीर शेजारच्या घरात, घोड्याच्या तोंडी जाऊन बसतो. समोरच्याला आयता वजीर मिळतो, डाव मिळतो, गुणही मिळतात. यात त्याचं काय गेलं? अशा खेळाला प्रतिस्पर्ध्याचा अपमान म्हणणारे काही सोवळे लोक आहेत. त्यांची बाजू मला मुळीच पटत नाही. फावल्या वेळात खेळता येतो म्हणून तर हा खेळ फोनवर आला.

पण ‘अर्धवट लक्षाने खेळणं निर्दोष आहे’ यावरून ‘त्यातून आलेलं रेटिंग घेऊन कुठेही जाणं निर्दोष आहे’ हे सिद्ध होत नाही. पूर्वपक्षाने मधली पायरी गाळली आहे.

ती पाहायची तर रेटिंग कशाचं मोजमाप आहे हे पाहावं लागेल. ही पद्धत बसवली अर्पाद एलो यांनी. हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत मिलवॉकीच्या मार्क्वेट विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. अमेरिकी बुद्धिबळ महासंघाने त्यांची पद्धत १९६० साली घेतली, जागतिक संघटना फिडेने १९७० साली. एलोंचं गृहीतक साधं होतं : माणूस प्रत्येक डाव सारखा खेळत नाही, त्याचा खेळ एका सरासरीभोवती वरखाली होत राहतो. रेटिंग म्हणजे त्या सरासरीचा अंदाज. पाण्यावर हेलकावणाऱ्या बुचाची जागा, वाऱ्यावर झुलणाऱ्या दोरीला बांधलेल्या काठीने मोजण्यासारखं हे काम आहे, अशी उपमा त्यांच्या नावावर सांगितली जाते.

पूर्वपक्षी इथे टाळी वाजवेल. चढउतार खुद्द एलोंनीच धरले आहेत, मग माझ्या कुकरचाही हिशेब त्यात आलाच!

आला असता, जर कुकरने स्पर्धेच्या दिवशीही शिट्टी मारली असती. एलोंचं गणित चांगले-वाईट दिवस पचवतं, पण ते दिवस नशिबाने वाटले गेले पाहिजेत. वाईट दिवस सगळे रेटिंगच्या डावांना आणि चांगला दिवस नेमका स्पर्धेला, अशी वाटणी खेळाडूनेच केली की सरासरीचा अंदाज त्या स्पर्धेपुरता खोटा ठरतो. लक्ष देऊन तो १६८० चा खेळ खेळत असेल, तर १४८० च्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध २०० गुणांचा फरक पडतो आणि या फरकाला अपेक्षित यश ७६ टक्के. सात डावांत साडेतीनच्या जागी सुमारे सव्वापाच गुण. नाव नोंदवताना समोरच्याला मात्र तो आपल्या बरोबरीचा दिसत होता.

‘पण ऑनलाइन सगळेच असे खेळतात, फिटंफाट होते,’ हा पुढचा बचाव. यात अर्धं तथ्य आहे. रेटिंग हा सापेक्ष आकडा आहे. सगळ्यांचंच लक्ष सारखं उडत असेल आणि स्पर्धेत सारखंच परत येत असेल, तर कुणावर अन्याय होत नाही. पण तसं असतं कुठे? रोज टेबलाशी बसून, प्रत्येक चाल विचार करून खेळणारे निवृत्त आजोबा असतात, शिकाऊ मुलगी असते. त्यांचं १४८० हे पूर्ण लक्षाचं १४८० आहे. स्पर्धेसाठी बाहेर काढायला त्यांच्याकडे राखून ठेवलेले २०० गुण नाहीत. मर्यादित रेटिंगची स्पर्धा मुळात भरवली जाते ती त्यांच्यासाठी, आणि फटका बसतो तो त्यांनाच.

नव्या पद्धती हे आपोआप सुधारतील, असंही सांगितलं जातं. मार्क ग्लिकमन यांची ग्लिको पद्धत आकड्याबरोबर त्या आकड्याची अनिश्चितताही मोजते, आणि लिचेस हे ऑनलाइन बुद्धिबळाचं संकेतस्थळ तिचीच दुसरी आवृत्ती वापरतं. पण गंमत पाहा : रोज लोकलमध्ये पाच डाव खेळणाऱ्याची अनिश्चितता कमी होत जाते. म्हणजे पद्धतीचा भरवसा वाढतो, तोही स्पर्धेच्या दृष्टीने चुकीच्या आकड्यावर. स्पर्धा जिंकल्यावर रेटिंग चढेल हे खरं, पण सोमवारची लोकल ते पुन्हा खाली आणून ठेवेल.

राहिला हेतू. पूर्वपक्षाचा सगळा डोलारा ‘मी मुद्दाम हरलो नाही’ या वाक्यावर उभा आहे. मात्र बक्षिसांच्या गटांमुळे पोळलेल्या अमेरिकी महासंघाने ज्या नियमाचा आधार घेतला, तो हेतू विचारतच नाही. तिथे खेळाडूच्या सर्वोच्च रेटिंगमधून २०० वजा करून, शेवटचे दोन आकडे शून्य करून एक तळ ठरतो. १९४१ पर्यंत गेलेला माणूस १७०० च्या खाली उतरू शकत नाही, मग तो आजारी असो, कामात बुडालेला असो की लबाड असो. गोल्फने तर मोजमापच वेगळं निवडलं. जागतिक हँडिकॅप पद्धतीत शेवटच्या २० फेऱ्यांतल्या उत्तम आठच धरतात, त्यामुळे वाईट दिवस हिशेबातून गळतात. लिचेसवरही मर्यादित रेटिंगच्या स्पर्धेत शिरताना आजचा आकडा पुरत नाही; आठवड्यातलं सर्वोच्च रेटिंगही मर्यादेत असावं लागतं. यांपैकी एकही नियम खेळाडूला दोषी ठरवत नाही. हे नियम फक्त समोर बसणाऱ्याचं रक्षण करतात. माझं मन स्वच्छ आहे हे माझ्यापुरतं समाधान झालं. सव्वापाच गुणांचा हिशेब त्याने बदलत नाही.

‘ऑनलाइन बक्षीस तर नुसतं चिन्ह, त्यात एवढं काय?’ असं म्हणणाऱ्यांनी आपल्याकडच्या ‘बिलो सिक्स्टीन हंड्रेड’ स्पर्धांच्या दालनाबाहेर उभं राहून पाहावं. तिथे प्रवेशशुल्क असतं, रोख रक्कम असते, आणि खरं रेटिंग कुणाचं किती यावर पालकांची कुजबुज चालू असते. पैसा आला की शंकेचा आवाज चढतो एवढंच. तर्क दोन्हीकडे एकच.

तेव्हा निवाडा असा. मांडीवर मूल घेऊन रेटिंगचे डाव खेळणारी आई स्पर्धेतही मूल मांडीवर घेऊनच खेळणार असेल, तर तिचं १४८० सोळा आणे खरं आहे. तिने खुशाल १५००च्या आतल्या गटात उतरावं आणि जिंकलीच तर कुणी भुवई उंचावू नये. गर्दीत रेटिंग पाडून एकांतात स्पर्धा खेळणाऱ्याने मात्र त्या गटात नाव घालू नये, मग त्याचा हेतू कितीही निर्मळ असो. त्याच्यासाठी खुला गट आहे. आणि लोकलमध्ये खेळायचंच असेल, तर डाव सुरू करण्यापूर्वी ‘रेटेड’ऐवजी ‘कॅज्युअल’ निवडा.